विश्लेषण : नेटवर्कची घड्याळे जुळवण्याचा प्रश्न इतका गंभीर का?

वीज उपकेंद्रातील रिले, मोबाइलचा टॉवर आणि शेअर बाजारातील सर्व्हर या तिन्ही ठिकाणी आज सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा, म्हणजे मायक्रोसेकंदाचा हिशेब ठेवावा लागतो. प्रमाणवेळ कुठून घ्यायची याचे निर्देश देशात आले आहेत. पण ती वेळ स्विच आणि राउटरमधून शेवटच्या उपकरणापर्यंत पोहोचताना किती बिघडते, हे तपासण्याची जबाबदारी कोणाची, यावर फारशी चर्चा होत नाही. ती व्हायला हवी.

निर्देश काय सांगतात?

संगणकीय सुरक्षेसाठीची केंद्रीय यंत्रणा ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० ब अंतर्गत निर्देश काढले. सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्या, लॉग १८० दिवस जपून ठेवा, व्हीपीएन ग्राहकांची नोंद ठेवा, या अटींवरून तेव्हा बराच गदारोळ झाला. त्याच निर्देशांतली पहिली अट मात्र फारशी चर्चेत आली नाही. ती घड्याळांविषयी होती. सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपली सर्व संगणकीय घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा (एनपीएल) यांच्या टाइम सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडावीत, असे ती सांगते. अनेक देशांत पसारा असलेल्या कंपन्यांना दुसरा प्रमाणित स्रोत वापरण्याची मुभा आहे, पण त्यांची वेळ एनपीएल आणि एनआयसीपासून ढळता कामा नये.

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने वैधमापन (भारतीय प्रमाणवेळ) नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. व्यापार, वाहतूक, प्रशासन, करार, वित्तव्यवहार या सर्वांत भारतीय प्रमाणवेळच अधिकृत धरावी, हा त्याचा गाभा. मिलिसेकंद ते मायक्रोसेकंद अचूकतेने ही वेळ देशभर पोहोचवण्याचे उद्दिष्ट सरकारने सांगितले आहे. अहमदाबाद, बेंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रादेशिक प्रयोगशाळा त्यासाठीचे टप्पे आहेत.

वेळेवरून होणारी ओढाताण मुंबईला नवी नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत तग धरून होती. तेव्हाचा फरक रस्त्यावरच्या घड्याळात दिसायचा आणि त्यावर भांडता यायचे. आजचा फरक डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण.

घड्याळे चुकतातच का?

प्रत्येक स्विच, राउटर आणि सर्व्हरमध्ये क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. त्याच्या कंपनांवर उपकरणाची वेळ चालते. तापमान बदलले, स्फटिक जुना झाला की कंपने किंचित बदलतात. दहा लाखांत दहा इतकी चूक असलेला स्फटिक प्रत्येक सेकंदाला १० मायक्रोसेकंद भरकटतो. दिवसभरात हा फरक ०.८६ सेकंदांवर जातो. एका खोलीत शेजारी-शेजारी ठेवलेले दोन सर्व्हरही दोन दिशांना सरकतात. म्हणून वेळ एकदा लावून भागत नाही, ती सतत जुळवत राहावी लागते.

एनटीपी पुरेसे नाही का?

बहुतेक कामांसाठी पुरेसे आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, आजही जगभरची घड्याळे जुळवतो. इंटरनेटवरून तो काही मिलिसेकंदांपासून काही दशक मिलिसेकंदांपर्यंत अचूकता देतो. कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कवर ती एका मिलिसेकंदाच्याही आत येऊ शकते. बँकेच्या नोंदी, हजेरी यंत्र, ईमेल, सीसीटीव्ही यांना याहून अधिक काही लागत नाही.

एनटीपीची मर्यादा त्याच्या रचनेत आहे. वेळेचा शिक्का सहसा सॉफ्टवेअर मारते. संदेश नेटवर्क कार्डावर आला तरी ऑपरेटिंग सिस्टीम त्याला रांगेत उभे करते. मग शिक्का पडेपर्यंत किती वेळ गेला ते नक्की सांगता येत नाही. वाटेतल्या स्विचमध्ये गर्दी असेल तर आणखी अनिश्चितता. मिलिसेकंदाच्या हिशेबात हे खपून जाते, मायक्रोसेकंदाच्या हिशेबात खपत नाही.

पीटीपी वेगळे काय करते?

प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल, म्हणजे पीटीपी, हे आयईईई १५८८ या क्रमांकाचे मानक आहे. ते २००२ मध्ये आले, २००८ आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. त्यात वेळेचा शिक्का सॉफ्टवेअरऐवजी हार्डवेअर मारते, अगदी संदेश केबलमध्ये शिरताना किंवा केबलमधून बाहेर पडताना. नेटवर्कमधल्या मुख्य घड्याळाला ‘ग्रँडमास्टर’ म्हणतात. ते बहुधा उपग्रहाकडून वेळ घेते आणि बाकीच्यांना देते.

हिशेब शाळेतल्या गणितासारखा आहे. समजा, ग्रँडमास्टर ते उपकरण हा प्रवास १० मायक्रोसेकंदांचा आहे आणि उपकरणाचे घड्याळ ४ मायक्रोसेकंद पुढे आहे. ग्रँडमास्टरचा संदेश पोहोचतो तेव्हा दोन घड्याळांतील फरक १४ दिसतो. उपकरण उलट संदेश पाठवते तेव्हा तोच फरक ६ दिसतो. दोहोंची वजाबाकी ८, तिची निम्मी ४. म्हणजे घड्याळ ४ मायक्रोसेकंद पुढे आहे, हे कळले. बेरजेची निम्मी १०, म्हणजे प्रवासाचा वेळही कळला. हे गणित सेकंदाला अनेक वेळा होते.

यात एक गृहीतक दडलेले आहे. जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच आहे, असे पीटीपी धरून चालते. तो सारखा नसेल, तर फरकाच्या निम्मी चूक थेट घड्याळात उतरते आणि कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. फायबरमध्ये प्रकाश मायक्रोसेकंदाला साधारण २०० मीटर जातो. दुरुस्तीत एका दिशेची फायबर २०० मीटर लांब झाली, तर अर्धा मायक्रोसेकंद कायमचा चुकतो. उपकरण मात्र ‘जुळले’ असाच संदेश देत राहते.

सेटिंगमध्ये गोंधळ कुठे होतो?

पीटीपी सुरू करायला एखाद-दुसरी आज्ञा पुरते. ते योग्य रीतीने चालवणे हे मात्र वेगळे काम आहे. गोंधळाच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे ग्रँडमास्टरची निवड. नेटवर्कमधली घड्याळे आपसांत स्पर्धा करून सर्वोत्तम घड्याळ निवडतात. त्यात सर्वात आधी ‘प्रायॉरिटी १’ नावाचा आकडा पाहिला जातो. ० ते २५५ पैकी जो लहान तो जिंकतो. घड्याळाचा दर्जा त्यानंतर तपासला जातो. बहुतेक उपकरणांत हा आकडा १२८ असतो. कोणी चाचणीसाठी आणलेल्या यंत्रात तो १० ठेवून ते मुख्य नेटवर्कला जोडले, तर उपग्रहाशी जुळलेले महागडे घड्याळ बाजूला पडते आणि सगळे नेटवर्क त्या पाहुण्याची वेळ पाळू लागते. ज्या पोर्टवरून वेळ फक्त द्यायची आहे, घ्यायची नाही, ते पोर्ट तसे बांधून टाकणे हा यावरचा उपाय. तो करायचे अनेकदा राहून जाते.

दुसरी जागा ‘डोमेन’ आणि ‘प्रोफाइल’. वीज, दूरसंचार, प्रसारण या प्रत्येक क्षेत्राने पीटीपीचा आपापला पोटनियम बनवला आहे. दूरसंचाराच्या जी.८२७५.१ मध्ये डोमेन क्रमांक २४ पासून सुरू होतात, जी.८२७५.२ मध्ये ४४ पासून. दोन उपकरणांचे क्रमांक वेगळे असतील तर ती भांडत नाहीत, नुसती एकमेकांकडे दुर्लक्ष करतात. चूक दाखवणारा लाल दिवा लागेलच असे नाही.

तिसरी जागा आकडे लिहिण्याची पद्धत. सेकंदाला १६ संदेश हवे असतील तर सेटिंगमध्ये १६ नव्हे, उणे ४ लिहावे लागते, कारण तो दोनाचा घातांक आहे. चौथी जागा ३७ सेकंदांची. पीटीपी आंतरराष्ट्रीय अणुवेळेवर चालते आणि ती आपल्या व्यवहारातील जागतिक वेळेपेक्षा १ जानेवारी २०१७ पासून ३७ सेकंद पुढे आहे. हा फरक सांगणारा आकडा चुकला, तर नॅनोसेकंदाच्या अचूकतेने जुळलेले घड्याळ बरोबर ३७ सेकंद चुकीचे चालते.

पाचवी जागा सर्वात महागडी, ती म्हणजे वाटेतला साधा स्विच. पीटीपी समजणारा स्विच संदेश आपल्याकडे किती वेळ अडकला ते त्यावर नोंदवतो किंवा स्वतःच मधले घड्याळ बनतो. पीटीपी न समजणारा एखादा स्विच साखळीत आला की गर्दीच्या वेळी वेळ डगमगू लागते. निविदेत चार पैसे वाचवलेले असतात, त्याची किंमत पुढे कोणीतरी मोजतो.

चुकले तर प्रत्यक्षात काय बिघडते?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांना त्याची झळ बसली. आधी काय तुटले आणि त्यामुळे काय तुटले, हे शोधताना चौकशी पथकाला हजारो नोंदी हाताने जुळवाव्या लागल्या, कारण अनेक नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नव्हती. वेळ जुळलेली नोंदयंत्रे सक्तीची करा, अशी शिफारस दोन्ही देशांच्या संयुक्त कृती दलाने अहवालात केली. कारण आणि परिणाम यांतला भेद घड्याळावर ठरतो, हा त्या अंधाराने दिलेला धडा.

भारतात ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी ग्रीड कोसळली, तेव्हा मोजक्या ठिकाणी बसवलेल्या फेझर मापन यंत्रांच्या नोंदी चौकशीला उपयोगी पडल्या. ही यंत्रे दूरदूरच्या उपकेंद्रांतील विद्युत लहरींचा कोन एकाच क्षणी मोजतात. ५० हर्ट्‌झच्या ग्रीडमध्ये ५५ मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे जवळपास एक अंशाची चूक. घड्याळ बिघडले तर ग्रीडवर नसलेला ताण दिसतो किंवा असलेला दिसत नाही. नव्या डिजिटल उपकेंद्रांत विद्युतप्रवाहाचे नमुनेच नेटवर्कवरून रिलेपर्यंत जातात. तिथे एका मायक्रोसेकंदाची अचूकता लागते, आणि ती सांभाळणारी वस्तू म्हणजे उपकेंद्रातला स्विच.

मोबाइलची गोष्टही अशीच. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ५जी सेवा मुख्यतः ज्या ३.३ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते, तिथे बोलणे आणि ऐकणे एकाच लहरीवर आळीपाळीने होते. शेजारच्या दोन टॉवरांच्या वेळेत तीन मायक्रोसेकंदांपेक्षा अधिक फरक चालत नाही. म्हणून प्रत्येकाला प्रमाणवेळेच्या दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहावे लागते. एक टॉवर ऐकत असताना दुसऱ्याने मोठ्याने बोलायला सुरुवात केली, तर ग्राहकाला फक्त ‘नेटवर्क स्लो आहे’ एवढेच कळते. तक्रार केंद्रालाही अनेकदा तेवढेच कळते.

शेअर बाजारात सौदे किंमत आणि वेळ या क्रमाने जुळवले जातात. बाजाराच्या आतला क्रम बाजाराचीच यंत्रणा ठरवते. पण दोन बाजार, शेकडो दलाल आणि त्यांचे सर्व्हर यांच्या नोंदी एकत्र ठेवून ‘आधी कोण होते’ हे ठरवायचे असेल, तर सर्वांचे घड्याळ एक हवे. युरोपीय संघाने जानेवारी २०१८ पासून अतिजलद सौदे करणाऱ्यांना प्रमाणवेळेपासून १०० मायक्रोसेकंदांपेक्षा अधिक ढळण्यास मनाई केली. अमेरिकेत दलालांच्या यंत्रणांसाठी ही मर्यादा ५० मिलिसेकंद आहे. आकडे वेगवेगळे आहेत, पण तिथे आकडा आहे, आणि तो न पाळल्यास जाब विचारता येतो.

उपग्रहावर विसंबणे धोक्याचे का?

बहुतेक ग्रँडमास्टर घड्याळे छतावरच्या अँटेनातून जीपीएसची वेळ घेतात. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती इतर उपग्रहांवर गेली आणि काही तास १३ मायक्रोसेकंदांची चूक जगभर प्रसारित झाली. कोणाचा नकाशा चुकला नाही, पण वेळेवर चालणाऱ्या यंत्रणांत धोक्याच्या सूचना वाजू लागल्या. दीड मायक्रोसेकंदांच्या मर्यादेशी तुलना केली की १३ हा आकडा किती मोठा ते कळते.

जाणूनबुजून केलेल्या व्यत्ययाचा धोका त्याहून जवळचा आहे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांच्या जीपीएस संदेशात व्यत्यय आल्याच्या ४६५ घटनांची माहिती सरकारने लोकसभेत दिली. ‘नाविक’ ही आपली यंत्रणा आहे, पण तिच्या सुरुवातीच्या उपग्रहांतील परदेशी अणुघड्याळे बंद पडली. देशी रुबिडियम घड्याळ घेऊन जाणारा एनव्हीएस-०१ मे २०२३ मध्ये कक्षेत गेला. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. म्हणूनच जमिनीवरून, फायबरमधून येणारी एनपीएलची वेळ ही चैन नव्हे, गरज आहे. आणि दोन्ही वाटा बंद झाल्यास घड्याळाने स्वतःच्या बळावर किती तास तग धरावा, हे खरेदीच्या वेळीच ठरवावे लागते.

मग सर्वांनाच मायक्रोसेकंद हवा का?

अजिबात नाही. नियम कडक करण्याच्या उत्साहात हे विसरले जाण्याची भीती आहे. तालुक्याच्या नागरी सहकारी बँकेला किंवा नगरपालिकेला पीटीपीचे महाग स्विच घ्यायला लावणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. त्यांना दोन-तीन विश्वासू एनटीपी सर्व्हर, त्यांच्याकडे पाहणारा एक माणूस आणि दर महिन्याला एक तपासणी पुरे. गृहनिर्माण सोसायटीच्या सीसीटीव्हीचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असते, तेव्हा तिथे नॅनोसेकंदाचे नव्हे, किमान शिस्तीचे दुर्भिक्ष असते. चोरीच्या तपासात त्या दहा मिनिटांनी निरपराध माणसावर संशय येऊ शकतो.

दुसऱ्या टोकाला, नवी मुंबईतील ऐरोली-महापेच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरना, वीज कंपन्यांना आणि दूरसंचार कंपन्यांना ‘आम्ही एनपीएलशी जोडलेलो आहोत’ एवढे उत्तर पुरू नये. जोडलेले असणे आणि जुळलेले असणे यांत फरक आहे. नळ जोडणी असणे आणि नळाला पाणी येणे यात जेवढा, तेवढाच.

पुढची पावले कोणती?

पहिले म्हणजे, नियमात कामाप्रमाणे अचूकतेच्या पायऱ्या हव्यात. सामान्य नोंदींसाठी सेकंदाच्या आत, वित्तव्यवहारांच्या नोंदींसाठी मिलिसेकंदाच्या पातळीवर, ग्रीड आणि ५जीसाठी मायक्रोसेकंदाच्या पातळीवर. ‘सर्ट-इन’चे निर्देश ‘ढळू नका’ म्हणतात, पण किती ढळले म्हणजे ढळले, याचा आकडा त्या मजकुरात नाही. आकड्याशिवाय नियमाला दात येत नाहीत.

दुसरे, पुरावा. मोठ्या संस्थांनी प्रमाणवेळेपासूनचा फरक सतत नोंदवावा आणि लॉगबरोबर तोही जपावा. पीटीपी स्वतःबद्दल जे सांगते त्यावर विसंबून चालणार नाही, कारण दोन दिशांतील असमानता त्याला दिसतच नाही. स्वतंत्र मापन यंत्राने वर्षातून एकदा आणि फायबर बदलल्यावर प्रत्येक वेळी तपासणी हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि नोंदीचा ‘हॅश’ सांगावा लागतो. नोंद बदललेली नाही, हे हॅशने सिद्ध होते. नोंदीवरची वेळ मुळात बरोबर होती का, हे त्याने सिद्ध होत नाही.

तिसरे, निविदा. सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या नेटवर्क उपकरणांत, जिथे गरज आहे तिथे, हार्डवेअर शिक्का, प्रोफाइल आणि तग धरण्याचा काळ हे निकष स्पष्ट लिहावेत. मागाहून स्विच बदलण्याचा खर्च निविदेतल्या बचतीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

चौथे, माणूस. बहुतेक संस्थांत सर्व्हर एका गटाकडे, नेटवर्क दुसऱ्याकडे, छतावरची अँटेना तिसऱ्याकडे आणि घड्याळ कोणाकडेच नसते. अग्निसुरक्षेसाठी जसा जबाबदार अधिकारी नेमलेला असतो, तसा वेळेसाठी नेमायला हवा, आणि त्याच्या हाती चाचणीचे यंत्र नेटवर्कला जोडण्यास नाही म्हणण्याचा अधिकार हवा.

अणुघड्याळे, उपग्रह आणि प्रयोगशाळा यांवर सरकार पैसे खर्च करत आहे, हे योग्यच. पण दिल्लीत नॅनोसेकंदांनी मोजलेली वेळ उपकेंद्राच्या एका कपाटात, न तपासलेल्या एका सेटिंगमुळे वाया जाऊ शकते. वैधमापन खाते किराणा दुकानातला तराजू दरवर्षी तपासून त्यावर शिक्का मारते, ते ग्राहकाचा दुकानदारावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर तराजू आपोआप चुकतो म्हणून. घड्याळही आपोआप चुकते. वेळ त्याच खात्याच्या कक्षेत आणायची असेल, तर तराजूचा न्याय घड्याळालाही लावावा लागेल.